गरजेची रुजुवात

जुना मोबाइल विनातक्रार चालत असताना, केवळ नव्याचा कॅमेरा सरस आणि पडदा मोठा म्हणून, २०१८च्या पावसाळ्याच्या तोंडी मी बारा हप्त्यांचा करार करून नवा घेतला, आणि त्या निर्णयाची परीक्षा वसईतल्या आमच्या माणिकपुरात अवघ्या महिनाभरात झाली. १० जुलैला नालासोपारा-वसईकडे रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, वसईच्या वीजउपकेंद्रात पाणी साचल्याने पुरवठा बंद करावा लागला, आणि ज्याच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या अशा आमच्या जिन्यावर तो तेजस्वी पडदा रात्र सरण्यापूर्वीच विझला. पत्नीचा बटणांचा साधा मोबाइल मात्र, रेंज मिळेल तेव्हा तेव्हा, बोरिवलीस अडकलेल्या मुलीचा आवाज आमच्यापर्यंत आणत राहिला. त्या आवाजाची वाट पाहत खिडकीशी काढलेल्या रात्री मी विसरलेलो नाही. हप्त्यांचा तगादा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालला.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवेचा आरंभ झाला, तेव्हा तोच मोह पुन्हा दाराशी आला. या खेपेस मी वही उघडली. मोबाइल कोणत्या दिवशी, कोणत्या कामात उणा पडला, एवढेच रोज टिपत गेलो. महिनाअखेर रुजुवात घेतली, तेव्हा जवळजवळ सर्व नोंदी एकाच दोषाच्या निघाल्या: बॅटरी दुपारीच उतरते. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा भरली-उतरली की क्षीण होतेच, उष्णतेने अधिक लवकर. तेवढ्यासाठी संपूर्ण यंत्र टाकणे म्हणजे वात जळाली म्हणून समई मोडीत काढणे होय. स्टेशनजवळच्या कारागिराने बॅटरी पाऊण तासात बदलली. पुराच्या आठवणीने एक पॉवर बँकही घेतली, आणि घरातल्या सर्व यंत्रखरेदीत तीच मला सर्वाधिक सार्थ वाटते.

पुढे उत्पादकाकडून सुरक्षेचे अपडेट येणे थांबले, तेव्हा मात्र मी तो मोबाइल विनाविलंब बदलला, कारण त्यावर बँकेचे व्यवहार चालत होते. नवा घेताना अपडेट किती वर्षे मिळतील आणि बॅटरी व पडदा येथे वसईतच बदलून मिळतील काय, हे आधी विचारले. कॅमेऱ्याचे आकडे त्यानंतर पाहिले.

वाचकहो, पुढील खरेदीपूर्वी अशी एक वही महिनाभर ठेवा, आणि तिच्यात ज्याची नोंद नसेल त्यासाठी हप्ते बांधून घेऊ नका.