हुन्नर ही अल्लाहची अमानत आहे

इस्लामने उपासना आणि उपजीविका यांच्यामध्ये भिंत उभी केलेली नाही. नमाज संपल्यावर धरतीवर पसरून अल्लाहची कृपा शोधावी, असा आदेश सूरह जुमुआमध्ये (62:10) आहे. याचा अर्थ असा की, मशिदीतून बाहेर पडून कामाच्या जागी जाणारा माणूस धर्माच्या कक्षेतून बाहेर पडत नाही. तो तेथेही अल्लाहच्या नजरेसमोरच असतो. हलाल कमाई हे ईमानधारकाचे कर्तव्य असेल, तर ती कमाई ज्या कौशल्याच्या बळावर होते ते कौशल्य मिळवणे, जपणे आणि प्रामाणिकपणे वापरणे, हेही कर्तव्यच ठरते.

दहावीचा निकाल लागला की यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी येथील आपल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला पुढे काय शिकवावे? गुण कमी असतील तर बाप खिन्न होतो, आई गप्प राहते आणि मुलगा ओळखीच्या एखाद्या गॅरेजवर जाऊ लागतो. हा निर्णय अनेकदा नाइलाजाने घेतला जातो. तो विचारपूर्वक घेतला जावा, यासाठी या लेखात कुरआन, हदीस आणि आपल्या जिल्ह्याची वस्तुस्थिती या तिन्हींचा एकत्रित विचार करू या.

प्रेषितांचे हात

हाताने काम करणे कमी प्रतीचे आहे, ही समजूत आपल्या समाजात कोठून आली हे सांगता येईल. पण ती कुरआनातून आलेली नाही, हे निश्चित. ह. नूह (अ.) यांना नौका बांधण्याचा आदेश झाला, तो अल्लाहच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनानुसार (11:37). ह. जकरिया (अ.) सुतारकाम करीत, असे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. ह. मूसा (अ.) यांनी मदयन येथे आठ वर्षांच्या, आणि स्वेच्छेने दहा वर्षांच्या, कराराने चाकरी स्वीकारली (28:27).

ह. दाऊद (अ.) यांचा उल्लेख अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. ते राजे होते आणि प्रेषितही होते. तरीही सहीह बुखारीतील हदीसनुसार ते स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, आणि आपल्या हाताने कमावलेल्या अन्नापेक्षा चांगले अन्न कोणी खाल्लेले नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच संदर्भात सांगितले. कुरआन म्हणतो की, अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि त्यांना चिलखते बनवण्याचा आदेश दिला. त्या आदेशातच कड्यांचे माप नीट राखण्याची सूचना आहे आणि लगेच पुढे सत्कर्माचा आदेश आहे (34:10-11). कडीचे माप आणि सत्कर्म ही एकाच आयतीत शेजारी-शेजारी यावीत, यावर वाचकांनी थांबून विचार करावा. कडी सैल राहिली तर चिलखतातून भाला आत शिरतो. म्हणजेच कारागिराचे माप चुकले की, दुसऱ्याचा जीव जातो.

आपल्या जिल्ह्यात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. हंगामात जिनिंग कारखान्यांत रात्रंदिवस सरकी आणि रुई वेगळी होत असते. जिनिंग यंत्राच्या चामडी रोलरवरील खाचा झिजल्या, किंवा पात्यांमधील अंतर चुकले, तर सरकी फुटते, तंतू तुटतो आणि रुईची प्रत उतरते. शेतकऱ्याने वर्षभर घाम गाळून पिकवलेल्या मालाची किंमत अशा प्रकारे एका फिटरच्या हातात असते. हे अंतर बरोबर राखणारा फिटर त्या आयतीतील सूचनेचेच पालन करीत असतो.

सामर्थ्य आणि विश्वासार्हता

कामावर माणूस कसा नेमावा, याचा निकष कुरआनने ह. मूसा (अ.) यांच्या प्रसंगात दिला आहे. मदयनच्या त्या मुलीने वडिलांना सल्ला दिला, तो सामर्थ्यवान आणि विश्वासू माणसाला नेमण्याचा (28:26). ह. यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या कोषागाराची जबाबदारी मागितली, तेव्हा आपण जपणारे आणि जाणणारे आहोत, हे दोन गुण पुढे केले (12:55). दोन्ही ठिकाणी जोडी आहे. नुसता प्रामाणिक, पण काम न येणारा माणूस अपुरा आहे. नुसता कुशल, पण बेइमान माणूस धोकादायक आहे.

आपण मुलांना सचोटी शिकवतो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ‘मुलगा नेक आहे’ एवढ्यावर कोणी विजेची जोडणी त्याच्या हाती देऊ नये. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार धरला जातो. फिकहच्या विद्वानांनी या तत्त्वाचा विचार अन्य व्यवसायांच्या संदर्भातही केला आहे. अज्ञान ही सबब ठरत नाही. उलट अज्ञान असूनही काम अंगावर घेणे हाच दोष ठरतो.

2017 सालच्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याने याची भयंकर किंमत मोजली. कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, हातमोजे नाहीत, अनेक औषधे एकत्र मिसळलेली, अशा स्थितीत माणसे फवारणी करीत होती. फवारणी हे कौशल्याचे काम आहे, असे कोणी मानलेच नव्हते. कोणते औषध कशात मिसळू नये, वाऱ्याची दिशा कशी पाहावी, काम संपल्यावर कपडे व अंग कसे धुवावे, हे शिकवणे म्हणजेच प्रशिक्षण. एक जीव वाचवणे म्हणजे जणू सर्व मानवजातीला वाचवणे, ही कुरआनची शिकवण (5:32) मानणाऱ्या समाजाने या ज्ञानाला लहान समजू नये. मजूर लावणाऱ्याने तर ही साधने व माहिती देणे आपली जबाबदारीच मानावी.

उस्ताद की आयटीआय?

आपल्या समाजात हुन्नर फार आहे. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात दाखवून दिले की, मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांचे कमी आहे. मेकॅनिक, वेल्डर, शिंपी, गवंडी, रंगारी आपल्याकडे आहेत. त्यांच्या हातातील कामाला कागदाचा आधार मात्र नाही. वणी परिसरातील कोळसा खाणी, मुकुटबनचा सिमेंट कारखाना, यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीतील डेनिम उद्योग, अशा ठिकाणी नियमित नोकरीसाठी प्रमाणपत्र विचारले जाते. हात कितीही सराईत असला, तरी फाटकावर तो दाखवता येत नाही.

म्हणून उस्ताद की आयटीआय, असा वाद घालण्याचे कारण नाही. दोन्ही हवेत. आयटीआयमध्ये वेल्डर, प्लंबर यांसारखे व्यवसाय एका वर्षाचे, तर इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे आहेत. काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण उमेदवारालाही प्रवेश मिळतो. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह शिकता येते. आणि जे तरुण वर्षानुवर्षे गॅरेजमध्येच घडले, त्यांच्यासाठी पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता देणारी व्यवस्थाही आहे. तिच्यात त्यांच्या कौशल्याची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते.

मात्र एक सीमा ओलांडू नये. चौदा वर्षांखालील मुलाला शाळा सोडवून कामावर लावणे कायद्याने गुन्हा आहे आणि अमानतीच्या दृष्टीनेही ते अयोग्य आहे. ज्याला माप वाचता येत नाही, साधा हिशेब करता येत नाही, तो आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखालीच राहतो.

दोन दिरहम आणि एक कुऱ्हाड

सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. एक अन्सारी गृहस्थ मदत मागायला आले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरात काय आहे, याची चौकशी केली. एक जाड वस्त्र आणि पाण्याचा एक वाडगा, एवढेच होते. ते मागवून प्रेषितांनी (स.) लोकांसमोर विकायला काढले आणि दोन दिरहम मिळवले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न आणि दुसऱ्याची कुऱ्हाड, अशी वाटणी झाली. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकण्यास सांगितले. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्याकडे दहा दिरहम होते.

या प्रसंगातील क्रम पाहा. आधी गरजेची चौकशी, मग शिकण्या-कमावण्याच्या काळात घर चालावे याची सोय, मग अवजार, मग ठरावीक मुदत आणि शेवटी आढावा. आपल्या मशीद समित्या जकात व सदका वाटताना हाच क्रम का पाळू शकत नाहीत? कारागिराला त्याच्या व्यवसायाची अवजारे घेता येतील एवढी जकात द्यावी, असे इमाम नववी (रह.) यांच्यासारख्या फकीहांनी म्हटले आहे. पात्र गरजूला वेल्डिंग मशीन किंवा शिलाई यंत्र मालकी हक्काने द्यावे. तपशिलासाठी स्थानिक आलिमांचा सल्ला घ्यावा.

शासनाची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यात सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, कुलूप कारागीर असे 18 व्यवसाय आहेत. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दररोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. याच योजनेत 5 टक्के व्याजाने कर्जही आहे. येथे अनेक धर्मशील कारागीर अडतात आणि संपूर्ण योजनेपासूनच दूर राहतात. कर्ज हा योजनेचा ऐच्छिक भाग आहे. ते न घेताही प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि अवजारे घेता येतात. व्याजापासून दूर राहण्यासाठी हक्काची मदत सोडण्याची गरज नाही.

मुली आणि मजुरी

उम्मुल मोमिनीन ह. जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हाताने काम करीत आणि त्या कमाईतून दान देत. आपल्या मुलींनाही केवळ नगावर शिवणकाम देऊन थांबू नये. माप, कटाई आणि हिशेब त्यांच्या हाती यावा. कापड कापणारीला आणि फक्त टीप मारणारीला मिळणारा मोबदला सारखा नसतो.

उस्ताद बंधूंनाही एक विनंती आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. ‘शिकतोय’ या नावाखाली मुलाला वर्षानुवर्षे फुकट राबवणे आणि कामाचे खरे मर्म त्याच्यापासून लपवून ठेवणे, ही दुहेरी खियानत आहे. ज्याने आपल्याला शिकवले, त्याने ते लपवले असते, तर आपण आज कोठे असतो?

घरात बसून विचार करावा असे प्रश्न

1. आपल्या मुलाचा किंवा मुलीचा कल कोणत्या कामाकडे आहे, हे आपण त्यांना कधी विचारले आहे काय?
2. आपल्या कुटुंबात असलेले कोणते कौशल्य आजवर प्रमाणपत्राविना राहिले आहे?
3. यंदाच्या जकातीतून कोणा एका माणसाच्या हाती त्याचे अवजार देता येईल काय?

अल्लाह आपल्या हातांना कौशल्य, कमाईला हलालपण आणि अंतःकरणाला अमानतीची जाण प्रदान करो. आमीन.