प्रयोगाच्या तासातील अपघात व शिक्षकाचे पहिले कर्तव्य

विज्ञान हा केवळ वाचून शिकविण्याचा विषय नव्हे, तो करून दाखविण्याचा विषय आहे, हे आता सर्वांस मान्य आहे. आपल्या पुष्कळ शाळांत स्वतंत्र प्रयोगशाळा नाही. एका कपाटात सारे साहित्य मावते. तथापि त्या कपाटातील आम्ल, कॉस्टिक सोडा व स्पिरिटचा दिवा यांचे गुणधर्म मोठ्या प्रयोगशाळेत असतात तेच येथेही असतात. अपघात घडल्यास डॉक्टर येईपर्यंतचा काळ शिक्षकाच्याच हाती असतो. त्या काळात काय करावे व काय टाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते स्वतःच्या चुकीमुळे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत मी सातवीस साबण तयार करण्याचा पाठ देत होतो. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळत असता एका मुलीच्या डोळ्यात थेंब उडाला. मी तांब्याभर पाण्याने डोळा धुतला. थोड्या वेळाने तिचे रडणे थांबले. संकट टळले असे समजून मी पाठ पुढे चालू केला. सायंकाळी बुबुळावर पांढुरकी छटा दिसू लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : "डोळा किती वेळ धुतलात?" मी खाली मान घातली. मुलीची दृष्टी गेली नाही. परंतु त्या डोळ्याने तिला फळ्यावरील अक्षर पुन्हा स्पष्ट दिसले नाही.

माझी चूक कोठे झाली? रडणे थांबले म्हणजे इजा थांबली, असे मी मानले. वस्तुतः आम्लापेक्षा अल्काची इजा अधिक फसवी असते. तीव्र आम्लाने पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात व त्या थरामुळे आम्लाचा आत शिरकाव काहीसा रोखला जातो. अल्क मात्र त्वचेतील व डोळ्यातील स्निग्ध पदार्थांचा साबण करीत खोल शिरते. ज्या क्रियेने कढईत तेलाचा साबण होतो, तीच क्रिया त्या डोळ्यात चालू होती. तिला थांबविण्याचा उपाय एकच : भरपूर पाणी, तत्काळ, आणि दीर्घकाळ.

आता नियम पाहू.

(१) त्वचेवर आम्ल अथवा अल्क सांडल्यास त्या क्षणीच पाण्याची धार धरावी व ती निदान २० मिनिटे चालू ठेवावी. भिजलेले कपडे धार चालू असतानाच काढावेत. आम्लावर सोडा किंवा अल्कावर लिंबू लावू नये. त्या संयोगाने उष्णता उत्पन्न होऊन इजा वाढते व शोधाशोधीत वेळ जातो. कळीच्या चुन्याची कोरडी पूड अंगावर पडल्यास ती प्रथम कोरड्या फडक्याने झटकावी, नंतर पाणी ओतावे.

(२) डोळ्यात काहीही उडाल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून नाकाकडून कानाकडे धार सोडावी. इजा झालेला डोळा खालच्या बाजूस ठेवावा, म्हणजे दूषित पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. २० मिनिटांपूर्वी थांबू नये. तूप, दूध, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नये.

(३) स्पिरिटचा दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट ओतू नये. उन्हात त्याची ज्योत दिसतही नाही. दिवा फुंकून नव्हे, टोपण घालून विझवावा. मुलाच्या कपड्यांनी पेट घेतल्यास त्यास धावू देऊ नये. जमिनीवर आडवे करून घोंगडीत गुंडाळावे. भाजलेल्या भागावर २० मिनिटे थंड पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट वा बर्फ लावू नये.

(४) रसायन पोटात गेल्यास वांती करवू नये. जे खाली जाताना जाळते, ते वर येतानाही जाळते. तोंड धुवावे व बाटली डॉक्टरांकडे सोबत न्यावी.

(५) एका विद्यार्थ्यास मुख्याध्यापकांकडे पाठवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. परंतु ती येईपर्यंत पाण्याची धार थांबता कामा नये. कोणते रसायन, किती वाजता व किती वेळ धुतले, हे कागदावर लिहून द्यावे.

येथे एक हिशेब मांडून पाहावा. बारीक धारेस मिनिटाला एक लिटर पाणी लागले, तरी २० मिनिटांस २० लिटर होतात; म्हणजे एका बादलीने भागत नाही. उन्हाळ्यात जेथे नळास दिवसाआड पाणी येते, तेथे अपघातानंतर पाणी शोधून मिळावयाचे नाही. म्हणून प्रयोगाच्या तासास दोन भरलेल्या बादल्या, तांब्या, वाळूचे घमेले व घोंगडी वर्गात असावी, आणि पाठ टाचणात साहित्याच्या यादीत त्यांची नोंद प्रथम करावी. ज्या दिवशी बादल्या भरलेल्या नसतील, त्या दिवशी आम्लाची बाटली कपाटातच राहू द्यावी.

शेवटी एक सूचना. शिक्षकबंधुभगिनींनी वर्षारंभी एकदा घड्याळ समोर ठेवून, एका विद्यार्थ्याच्या हातावर पूर्ण २० मिनिटे पाणी सोडून पाहावे. पाचव्या मिनिटासच "आता पुरे" असे मनात येईल. तो मोह एकदा ओळखीचा झाला, म्हणजे खऱ्या प्रसंगी आपला हात लवकर थांबणार नाही. अपघाताच्या भयाने प्रयोग सोडू नयेत. तयारीवाचून मात्र करू नयेत.