ठरलेल्या किमतीत काय काय आले?

ऊंची मोटारीसाठी लाखो रुपये मोजल्यावर आतील चामड्याच्या किंवा गार हवा देणाऱ्या बैठकीचे पैसे वेगळे का द्यावेत? लांजासारख्या गावी अशा मोटारी बहुधा महामार्गावरून जातानाच दिसतात. तरीही आम्हा कापडवाल्यांना या प्रश्नात रस आहे, कारण ठरलेल्या किमतीत काय यावे हा वाद आमच्या दुकानातही रोज होतो.

कंपन्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. कोकणच्या उकाड्यात गरम होणारी बैठक काय कामाची? ती सर्वच मोटारींत बसवली, तर ज्याला नको त्यालाही तिचे पैसे पडतील. आवडीनिवडीची चीज वेगळी ठेवणे रास्तच आहे.

पण याला मर्यादा आहे. बीएमडब्ल्यूने काही देशांत, बैठकीत आधीच बसवलेली गरम करण्याची सोय चालू करून देण्यासाठी मासिक वर्गणी ठेवली. 2022 मध्ये दक्षिण कोरियातील दर महिन्याला सुमारे 18 डॉलर असल्याचे कळताच ओरड झाली. एकाच वस्तूचे दोनदा पैसे जातात, ही ग्राहकांची भावना होती. 2023 मध्ये कंपनीने ही वर्गणी मागे घेतली.

दुसरी बाब मालाच्या नावाची. पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीजच्या अनेक मोटारींत ‘आर्टिको’ची बैठक असते. हे कृत्रिम चामडे आहे. ते टिकाऊ आहे, सहज पुसता येते. त्यात कमीपणा नाही. मात्र ते खरे चामडे नव्हे, हे विकणाऱ्याने सांगितलेच पाहिजे. टेरिकॉट हे सुती म्हणून विकण्यासारखेच ते होईल.

तिसरी बाब सुरक्षिततेची. चाकणलाच बनणारी फोक्सवॅगन पोलो ऊंची मोटार नव्हती, पण तिचे उदाहरण बोलके आहे. 2014 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, तर दोन एअरबॅगवालीला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार. त्यानंतर कंपनीने दोन एअरबॅग सर्वच पोलोंत दिल्या.

यावरून आम्ही तीन नियम काढतो :

1. ज्याविना वस्तू निर्धोक किंवा पुरी होत नाही, ते मूळ किमतीतच असावे.

2. ज्या नावाने माल विकतो, त्या नावाला साजेसे सर्व त्यात असावे. ‘ऊंची’ म्हणून विकलेल्या मोटारीत बैठकही ऊंचीच हवी.

3. हौसेची चीज वेगळी ठेवावी, पण तिची किंमत सौद्याआधी सांगावी; आणि एकदा विकलेल्या वस्तूवर पुन्हा भाडे घेऊ नये.

आमच्या शिंपी बांधवांनी कोटाची शिलाई ठरवतानाच अस्तर, बक्रम व बटणे धरली की नाही ते पावतीवर लिहावे. रिक्षाची सीट शिवणाऱ्यांनी रेक्झिन कोणते, फोम किती जाडीचा, हे आधी दाखवावे. फसलो असे वाटलेले गिऱ्हाईक भांडत बसत नाही. पुढच्या वेळी ते सरळ रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठते. एका अस्तराच्या पैशासाठी घराण्याचे गिऱ्हाईक घालवणे हा तोट्याचाच व्यापार आहे.