आकाशातील काळे मेघ व त्यांचे छायाचित्र

पावसाळा सरल्यानंतरच्या अमावास्येस गावाबाहेर जाऊन माथ्याकडे पाहावे. हंस तारकापुंजापासून दक्षिणेस धनू राशीपर्यंत आकाशगंगेचा दुधाळ पट्टा पसरलेला दिसतो. थोडे निरखून पाहिले तर असे आढळते की, हा पट्टा सलग नाही. मधोमध चिरल्याप्रमाणे त्याच्या दोन शाखा झाल्या असून त्या दोहोंमध्ये काळोखाची एक लांब पट्टी आहे. चौकस विद्यार्थ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो: तेथे तारे मुळीच नाहीत, की तारे आहेत पण त्यांच्या आड काही आले आहे?

ह्या साध्या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर मिळावयास ज्योतिषशास्त्रास सुमारे दीडशे वर्षे लागली, आणि ते मिळण्यास छायाचित्रांचे मोठेच साह्य झाले. तसले छायाचित्र आज आपल्या छत्रपती संभाजीनगरातील विद्यार्थ्यासही घेता येण्याजोगे आहे. ते कसे घ्यावे व त्यापासून काय शिकावे, हे ह्या पाठात सांगण्याचा आमचा विचार आहे.

भोक की मेघ?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हर्शेल हे आपल्या मोठ्या दुर्बिणीने आकाशाचे पद्धतशीर निरीक्षण करीत असता, वृश्चिक राशीतील ताऱ्यांनी गच्च भरलेल्या भागात त्यांस एक निखळ काळी जागा आढळली. ती पाहून, आकाशास येथे खरोखरच भोक पडले आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे त्यांच्या भगिनी कॅरोलिन ह्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. हर्शेलसारखा निरीक्षकही येथे चकला, त्याचे कारण उघड आहे. डोळ्यास काळोख दिसला म्हणजे तेथे काही नाही असे समजण्याची मनुष्यमात्राची सवयच आहे.

हा प्रश्न सोडविण्याच्या कामी ज्यांनी सर्वांत अधिक कष्ट घेतले ते एडवर्ड एमर्सन बार्नर्ड होत. त्यांचा जन्म १८५७ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे अत्यंत गरिबीत झाला. जन्मापूर्वीच पितृछत्र हरपलेले. शाळेचा लाभ जेमतेम दोन महिन्यांचा. नवव्या वर्षी ते एका छायाचित्रकाराच्या दुकानी कामास लागले. दुकानाच्या छपरावर सूर्यप्रकाशाने चित्रे मोठी करण्याचे एक यंत्र होते, व ते सतत सूर्याकडे रोखलेले राहील असे हळूहळू फिरवीत राहणे हे त्या मुलाचे काम. पुढे हाच मुलगा मोठ्या वेधशाळांतून रात्रीमागून रात्री ताऱ्यांच्या मागोमाग कॅमेरा फिरवीत बसला. आकाशातील काळ्या जागा ही भोकेच असावीत, असे प्रथम त्यांसही वाटे. परंतु छायाचित्रे जसजशी साठत गेली, तसतसे त्यांचे मत पालटले. १९१९ साली त्यांनी अशा १८२ काळ्या आकृतींची यादी प्रसिद्ध केली. १९२३ साली ते निवर्तले, व त्यांचा आकाशगंगेचा छायाचित्रसंग्रह १९२७ साली बाहेर आला. त्यांनी दिलेले क्रमांक जगातील ज्योतिषी अद्याप वापरतात. पुढे १९३० साली रॉबर्ट ट्रम्प्लर ह्यांनी तारकागुच्छांच्या मोजमापावरून असे सिद्ध केले की, ताऱ्यांमधील अवकाशात प्रकाश अडविणारी धूळ खरोखरच आहे.

आपल्या भागाचाही आकाशाच्या छायाचित्रणाशी जुना संबंध आहे. हे शहर ज्या काळी हैदराबाद संस्थानात मोडत होते, त्या काळी नवाब जफर जंग ह्यांनी १९०१ साली हैदराबादेस निजामिया वेधशाळा स्थापन केली. सर्व आकाशाचे छायाचित्रांवरून मोजमाप करण्याची जी आंतरराष्ट्रीय योजना होती, तीत खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा पट्टा ह्या वेधशाळेकडे आला. तेथील आठ इंची दुर्बिणीने १९१४ ते १९२९ ह्या काळात त्या पट्ट्याची छायाचित्रे घेण्यात आली. धनू राशीतील ताऱ्यांचा प्रसिद्ध ढग व त्यावर शाईच्या डागासारखा दिसणारा बार्नर्ड ९२ हा काळा मेघ ह्याच पट्ट्यात येतात.

मेघात काय असते?

ह्या मेघांस कृष्ण अभ्रिका म्हणतात. उन्हाळ्यात धुळीचा लोट उठला म्हणजे दौलताबादचा किल्ला समोर असूनही दिसेनासा होतो. म्हणून किल्ला नाहीसा झाला असे कोणी म्हणत नाही. तोच प्रकार येथे समजावा. अभ्रिकेतील धुळीचे कण मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही बारीक असतात. वजनाने पाहता धूळ सुमारे शंभरात एक भाग, व बाकी बहुतेक हायड्रोजन वायू असतो. ही धूळ निळा प्रकाश अधिक व तांबडा कमी अडविते. त्यामुळे मेघाच्या कडेचे तारे तांबूस दिसतात, आणि अवरक्त किरणांस तर बरीच वाट मिळते. आत इतकी थंडी असते की, उष्णतामान शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. अशा थंडीतच वायू स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू लागतो, व त्यातून नवे तारे जन्मास येतात. सारांश, ज्यास भोक म्हटले तेच ताऱ्यांचे जन्मस्थान ठरले.

छायाचित्र कसे घ्यावे?

प्रथम एक तत्त्व नीट ध्यानात धरावे. कृष्ण अभ्रिका स्वतः जवळजवळ प्रकाशत नाही. तेव्हा तिचे छायाचित्र घेणे म्हणजे तिच्या पाठीमागच्या ताऱ्यांचे छायाचित्र घेणे होय. अंगणात पिंपळाचे पान ठेवून त्यावर चाळणीने रांगोळी भुरभुरवावी व पान अलगद उचलावे. पानाचा आकार रांगोळी न पडलेल्या जागेत उमटतो, आणि रांगोळी जितकी दाट तितका आकार रेखीव. येथे रांगोळीच्या जागी तारे आहेत. म्हणून जितके अधिक मंद तारे टिपता येतील, तितका मेघ स्पष्ट होईल.

नवशिक्याने श्रवण नक्षत्राजवळचे बार्नर्ड १४२ व १४३ हे मेघ निवडावेत. श्रवणाचे तीन तारे एका ओळीत असून त्यांत आपले लोक श्रवणबाळाची कावड पाहतात. मधल्या तेजस्वी ताऱ्याच्या उत्तरेस जो तारा आहे, त्याच्या पश्चिमेस सुमारे तीन चंद्रबिंबांच्या अंतरावर हे मेघ मिळून इंग्रजी ई अक्षरासारखी काळी आकृती करतात. आकाराने ती साधारण पूर्णचंद्राएवढी आहे. ऑक्टोबरच्या मध्यास अमावास्येच्या सुमारास रात्री सव्वासातपासून दहापर्यंत ती पुरेशी उंच असते.

स्थळ शहराबाहेरचे हवे. सुमारे ४० किलोमीटरवरील म्हैसमाळचे पठार ह्या कामी सोयीचे आहे. तेथून शहर आग्नेयेस राहते, आणि श्रवण त्या वेळी माथ्यावरून पश्चिमेकडे कललेले असते. विद्यार्थ्यांनी वडील माणसांबरोबरच जावे.

साधने फार लागत नाहीत. भिंग बदलता येणारा कॅमेरा, १३५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग, भक्कम तिपाई व ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरविणारे लहानसे यंत्र पुरे. ह्या यंत्रास छंदिष्ट मंडळी ट्रॅकर म्हणतात. त्याची गरज अशी: पृथ्वीच्या भ्रमणामुळे आकाश दर सेकंदास सुमारे १५ विकला सरकते, व यंत्रावाचून ताऱ्यांचे ठिपके न येता रेघा येतात. यंत्राचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून केवळ २० अंश वर असल्यामुळे उत्तरेस टेकडी किंवा झाड आड येणार नाही अशी जागा उजेडीच पाहून ठेवावी.

एकच लांब छायाचित्र घेण्यापेक्षा दोन दोन मिनिटांची साठ घ्यावीत व संगणकावर ती एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढावी. प्रत्येक चित्रात कॅमेऱ्याचे काही आगंतुक ठिपके येतात. ते ठिकठिकाणी विखुरलेले असल्याने सरासरीत फिके पडतात; तारे मात्र आपल्या जागी कायम राहतात. चित्रांची संख्या चौपट केली असता हा दोष निम्म्यावर येतो. शिवाय भिंगावर झाकण ठेवून तितक्याच वेळाची काही चित्रे घ्यावीत, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करता येतात. संगणकावर उजेड-काळोखाचा फरक वाढविण्यास हरकत नाही. परंतु कॅमेऱ्याने जे टिपले नाही, ते हाताने रंगवू नये. तारीख, वेळ, स्थळ व चित्रांची संख्या वहीत नोंदवावी. नोंद नसलेले छायाचित्र शोभेचे होईल, अभ्यासाचे होणार नाही.

काळोख राखण्याविषयी

पालकांस येथे दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. काही अभ्रिका स्वतः ठराविक रंगाचा प्रकाश देतात. त्यांचे चित्र शहरातूनही, तेवढाच रंग आत सोडणारी रंगीत काच लावून, बऱ्यापैकी घेता येते. कृष्ण अभ्रिकेस ही युक्ती लागू पडत नाही. तिच्यामागचे तारे सर्व रंगांचा प्रकाश देतात, व आपले दिवेही तसाच देतात. काच त्यांत भेद करू शकत नाही. दिव्यांचा उजेड हवेतील धुळीवरून परतला की तो मेघाच्या काळ्या आकृतीतच भरतो, आणि आकृती पुसली जाते. ह्यास उत्तम यंत्र हा उपाय नव्हे. काळोख हाच उपाय आहे.

तो अशक्यही नाही. दिव्यावर टोपी बसवून उजेड फक्त जमिनीकडे सोडावा, गरजेपुरताच दिवा लावावा, व काम संपताच मालवावा. ह्यात विजेचीही बचत होते. आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अरण्यात जे साधले, ते थोड्या प्रमाणात आपल्या अंगणात व गल्लीतही साधावयास काय हरकत आहे?

विद्यार्थी मित्रहो, एका शाळा न मिळालेल्या मुलाने कॅमेरा धीराने फिरवून जगास दाखवून दिले की, काळे दिसते तेथे काही नाही असे मानू नये. येत्या ऑक्टोबरात तुमच्यापैकी कोणी श्रवणाजवळचे ते काळे अक्षर टिपले, तर ते आपल्या धाकट्या भावंडांस अवश्य दाखवावे, आणि तेथे तारे का दिसत नाहीत हे प्रथम त्यांनाच विचारावे.