जाड तारा खरखरतात, ब्रिज उचलू का?

प्रश्न: माझ्या स्ट्रॅटोकास्टरच्या जाड तारा बाराव्या फ्रेटपुढे खरखरतात. ब्रिज उचलू का?

उत्तर: खरखर ॲम्पमधून ऐकू येत नसेल तर खुशाल सोडून द्या. येत असेल तर आधी नेक बघा. तार सुरात लावून पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. आठव्यापाशी साधारण पाव मिलिमीटर फट दिसली की नेक ठीक. मग अख्खा ब्रिज न हलवता त्या तारेच्या सॅडलचे दोन्ही स्क्रू ॲलन कीने पाव-पाव फेरा फिरवा, सॅडल तिरकं होऊ देऊ नका. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटर पुरते. हात जड असेल तर २ ठेवा. नंतर सूर लावून इंटोनेशन तपासाच, उंचीबरोबर तेही बदलतं.