अणू, परमाणू, रेणू : सीमेवरचे तीन शब्द

पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, असे मराठी पाठ्यपुस्तक सांगते. हिंदीत तोच रेणू 'अणु' होतो आणि अणूचा 'परमाणु'. आमच्या लालबागेत अनेकांच्या घरी मराठी, शाळेत हिंदी. त्यात रावेर-भुसावळकडून मराठीत शिकून आलेली मुलेही. त्यांच्यापुढे एकच शब्द दोन वस्तूंसाठी उभा राहतो, आणि फरक दिसतो तो फक्त उकाराचा. मी साहित्याचा अध्यापक. पण अडचण भाषेची असल्याने ती माझ्याही वर्गात येते.

चूक कोणत्याच भाषेची नाही. वैशेषिकांचा परमाणू अविभाज्य. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात दोन परमाणूंचा अणू आणि तीन अणूंचा त्रसरेणू सांगितला आहे. झरोक्यातल्या उन्हात तरंगताना दिसतो तो हा त्रसरेणू. हिंदीची जोडी या उतरंडीच्या खालच्या दोन पायऱ्यांशी जुळते. मराठीने परमाणू सोडून अणूलाच तळाशी बसवले, वर रेणूला. त्रसरेणू संयुक्त कणच असल्याने ही निवडही मला योग्य वाटते. (पुराणकारांना रसायनशास्त्र ठाऊक होते, असा याचा अर्थ नव्हे. शब्द जुने, आशय नवा.)

युरोपातही हा घोळ होताच. १८०८ मध्ये ग्रंथ लिहिणारा डाल्टन पाण्याच्या कणालाही संयुक्त 'अणू'च म्हणे, आणि त्यात हायड्रोजनचा एकच अणू धरी. १८११ मध्ये अ‍ॅव्होगाड्रोने दोहोंतला भेद मांडला, पण पन्नासेक वर्षे त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १८६० च्या कार्ल्सरूए येथील रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कानिझारोने तो पुन्हा लावून धरला. अणुभारांचा मेळ बसायला आधी शब्दांचा निवाडा व्हावा लागला!

पुढे १८९७ मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, १९११ मध्ये रदरफोर्डने केंद्रक मांडले. ग्रीक 'अ‍ॅटम' म्हणजे न कापता येणारा. तो अर्थ गेला, तसा परमाणूतला 'परम'ही. मराठी अणू मात्र फक्त सूक्ष्मतेबद्दल बोलतो, त्याला काही सोडावे लागले नाही. म्हणून माझा कौल मराठीला. तुर्भ्याची एकच संस्था हिंदीत 'परमाणु अनुसंधान केंद्र', मराठीत 'अणुसंशोधन केंद्र'; तिची वसाहत मात्र दोन्हीकडे अणुशक्तिनगर.

सीमेवरच्या शिक्षकाने फळ्यावर शब्द लिहिण्याआधी विचारावे : कण सुटा की जोडलेला? सुटा असेल तर मराठीत अणू, हिंदीत परमाणु. जोडलेला असेल तर मराठीत रेणू, हिंदीत अणु. हेलियमसारखे एकएकटे राहणारे वायू तेवढे अपवाद. त्यांचा अणू हाच रेणू.