आतल्या दाराची कडी



सिंधुदुर्ग जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकांना 'माकडताप' हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाच्या अंगात शिरतो. २०१६ साली हा रोग सिंधुदुर्गातही आढळला. रानात लाकूडफाटा आणायला किंवा काजू वेचायला जाणाऱ्यांना त्याची भीती असते.

माकडताप हा 'रक्तस्रावी ज्वर' या गटातला रोग. या गटातील रोगांत ताप तर येतोच. पण रोग बळावला की बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि काही रोग्यांच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. रक्तदाब घसरला की जीव धोक्यात येतो. रोग्याला सलाइन देणे, रक्तदाब सांभाळणे एवढे डॉक्टर करू शकतात. परंतु माकडतापाच्या विषाणूलाच मारील असे खास औषध अजून हाती नाही.

तुम्ही विचाराल, न्यूमोनियाच्या जंतूंना पेनिसिलिन मारते, मग विषाणूंना मारणारे औषध करणे इतके अवघड का? या प्रश्नाच्या उत्तरातूनच एक नवी वाट निघाली आहे. ती आज आपण पाहू. त्यासाठी या गटातील ज्या विषाणूचा पुष्कळ अभ्यास झाला आहे, तो इबोला विषाणू घेऊ.

माझा विषय पदार्थविज्ञान, तेव्हा सुरुवात मोजमापाने करतो. डोक्याच्या केसाची जाडी सुमारे ८० मायक्रोमीटर धरा. इबोला विषाणू धाग्यासारखा असतो आणि त्याची जाडी सुमारे ८० नॅनोमीटर असते. म्हणजे केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी. एवढ्याशा धाग्यात सामान ते किती मावणार? त्यात अवघी ७ जनुके असतात. आपल्या पेशीत प्रथिने बनवण्याचे आदेश देणारी जनुके सुमारे २०,००० आहेत.

जंतूची, म्हणजे जीवाणूची, पेशी हे एक स्वतंत्र घर असते. त्याला स्वतःची भिंत असते. पेनिसिलिन त्या भिंतीचे बांधकाम मोडते. आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला इजा होत नाही. विषाणूचे तसे नाही. तो म्हणजे बिनबोलावता आलेला पाहुणा. त्याच्याजवळ फक्त एक चिठ्ठी असते. चूल आपली, पीठ आपले, भांडी आपली. तो चिठ्ठीबरहुकूम स्वतःच्या हजारो प्रती आपल्याच स्वयंपाकघरात तयार करून घेतो. त्याची स्वतःची अशी वस्तू फार थोडी, म्हणून औषधाला नेम धरायला जागाही थोडी.

शिवाय त्याची चिठ्ठी बदलत राहते. इबोलाची चिठ्ठी सुमारे १९,००० अक्षरांची असते. ती ज्या आर.एन.ए. नावाच्या रेणूवर लिहिलेली असते, त्याची नक्कल करताना ढोबळमानाने दर १०,००० ते १,००,००० अक्षरांमागे एक चूक होते. आता भागाकार तुम्हीच करा. कमीत कमी धरले तरी दर पाच नकलांत एक चूक! बहुतेक चुका विषाणूलाच बाधतात; पण एखाद्या चुकीमुळे औषध जेथे चिकटते ती जागाच बदलते आणि औषध निरुपयोगी ठरते.

मग काही शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. पाहुण्याची चिठ्ठी हिसकावता येत नसेल, तर त्याला लागणारी आपल्या घरातली एखादी वस्तू काही दिवस लपवून ठेवली तर?

त्यासाठी त्याला कोणकोणत्या वस्तू लागतात हे आधी शोधायला हवे. २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मोठा सुरेख आहे. आपल्या बहुतेक पेशींत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. या प्रयोगासाठी एकच प्रत असलेल्या खास मानवी पेशी घेतल्या. लाखो पेशींत निरनिराळी जनुके बिघडवली. कोणत्या पेशीत हे, तर कोणत्या पेशीत ते. मग त्यांच्यावर इबोलाचे बाह्य प्रथिन चढवलेला, हाताळायला कमी धोक्याचा दुसरा एक विषाणू सोडला. बहुतेक पेशी मेल्या, थोड्या वाचल्या. वाचलेल्यांत काय बिघडले आहे ते तपासले, तेव्हा 'एन.पी.सी.-१' या जनुकाचे नाव पुन्हा पुन्हा पुढे आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने इबोलाला अडवणारा रेणू शोधता शोधता निराळ्या वाटेने हेच प्रथिन गाठले.

हे प्रथिन करते काय? विषाणू पेशीला चिकटला की पेशी त्याला खाद्य समजून एका इवल्याशा पिशवीत घालून आत घेते. त्या पिशवीत पेशीची विकरे विषाणूच्या बाह्य प्रथिनाचा काही भाग कापून टाकतात. खरे तर हे पचनाचे काम. पण त्यामुळे विषाणूची झाकलेली किल्ली उघडी पडते. पिशवीच्या आवरणात एन.पी.सी.-१ प्रथिन बसलेले असते. त्याच्याशी किल्ली जुळली की विषाणूचे आवरण पिशवीच्या आवरणात मिसळते आणि चिठ्ठी पेशीत उतरते. म्हणजे विषाणू घराच्या ओसरीवर आला तरी काम होत नाही; आतल्या दाराची कडी निघावी लागते. ती कडी म्हणजे हे प्रथिन.

इबोलाचा भाऊबंद मारबर्ग विषाणूही याच दाराने जातो. याचे महत्त्व ध्यानात घ्या. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाने २८,००० हून अधिक माणसे आजारी पडली आणि ११,००० हून अधिक दगावली. त्यानंतर विषाणूच्या बाह्य प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची दोन औषधे २०२० साली अमेरिकेत मान्य झाली. ती खरोखर जीव वाचवतात. पण ती इबोलाच्या झाईर या एकाच जातीसाठी आहेत. दार मात्र साऱ्या भावंडांचे एकच. तेथे कडी घातली तर एकाच औषधाने अनेकांना अडवता येईल. विषाणूच्या चिठ्ठीत चूक झाली तरी आपले दार बदलत नाही. नवे दार शोधणे त्याला अशक्य नाही. पण ते एका अक्षराच्या चुकीने सहसा साधत नाही.

आता खरी अडचण. हे दार आपण काही इबोलासाठी बांधलेले नाही. पिशवीतील कोलेस्टेरॉल बाहेर काढणे हे या प्रथिनाचे रोजचे काम. ज्या मुलांत या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यांच्या पेशींत कोलेस्टेरॉल साचते, मज्जातंतू निकामी होत जातात आणि पुष्कळ मुले लहान वयातच दगावतात. अशा रोग्यांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत इबोलाला दाद देत नाहीत, हे खरे. पण त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत केवढी!

मग वाट बंद झाली का? नाही. या मुलांच्या आईवडिलांत एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते, तरी ते सहसा धडधाकट असतात. आणि ज्या उंदरांत एकच प्रत चांगली होती, त्यांपैकी बहुतेक उंदीर इबोलाच्या मारक मात्रेतून वाचले. म्हणजे दार पूर्ण बंद न करता अर्धे लोटले आणि तेही थोडेच दिवस, तर निभेल अशी आशा धरता येते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मात्र विसरू नका. या दारावर नेम धरणारे औषध इबोलासाठी अजून मान्य झालेले नाही.

ही रीत एका ठिकाणी यशस्वी झाली आहे. एड्सचा विषाणू ज्या प्रथिनाचा आधार घेतो, त्यांपैकी 'सी.सी.आर.-५' हे काही माणसांत जन्मतःच नसते, आणि त्यावाचून त्यांचे फारसे अडत नाही. त्या प्रथिनाला अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ साली मान्य झाले. उलट अनुभवही आहे. डेंग्यूचा विषाणू आपली प्रथिने आपल्या पेशीतील विकरांकडून नीट घडवून घेतो. त्यांतील एका विकराला रोखणारे सेलगोसिव्हिर हे औषध सिंगापूरमध्ये ५० रोग्यांवर तपासले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषध सोसले, पण ताप आणि विषाणू यांत म्हणण्याजोगी घट झाली नाही. डेंग्यूत रोगी दवाखान्यात येईपर्यंत विषाणूची वाढ बहुधा शिखरावर पोहोचलेली असते. स्वयंपाक होऊन गेल्यावर चूल विझवून काय उपयोग?

माकडतापाचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. या कुळातील विषाणूंना आपल्या पेशीतील कोणकोणती प्रथिने लागतात, त्यांच्या याद्या तयार होत आहेत. त्या यादीतील प्रत्येक नावापुढे तेच तीन प्रश्न विचारावे लागतात: याच्यावाचून विषाणूचे अडते का? याच्यावाचून आपले किती दिवस भागते? आणि औषध वेळेवर पोहोचेल का? तिन्ही उत्तरे अनुकूल येतील तेव्हाच औषध हाती येईल. तोवर रानात जाताना अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर गोचीड तपासा, आणि मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

विचार करा:

१. पेनिसिलिन आपल्या पेशींना इजा का करत नाही?

२. १९,००० अक्षरांच्या चिठ्ठीत दर १०,००० अक्षरांमागे एक चूक झाली, तर १०० नकलांत मिळून किती चुका होतील?

३. पेशीतील प्रथिनाला अडवणारे औषध एखाद्याने वर्षभर घेतले, तर पाच दिवस घेण्यापेक्षा कोणता जादा धोका संभवतो? एन.पी.सी.-१ चे उदाहरण घेऊन लिहा.